मेडिकलच्या आधीची दहा मिनिटं

चाकणच्या आमच्या कंपनीत मला बरेच जण मास्तर म्हणायचे. मी मास्तर नव्हतो. मशीन शॉपचा सुपरवायझर होतो, अजूनही आहे. पण जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर मी चार-दोन जणांना श्वासाचे व्यायाम शिकवायचो, त्यावरून ते नाव पडलं. कुणी लांबून हाक मारली की मी मुद्दाम जरा उशिरा वळायचो, म्हणजे त्याला दुसऱ्यांदा ओरडावं लागायचं आणि आणखी दहा जणांच्या कानावर जायचं. असा माणूस होतो मी. हे लिहायला बसलो तेव्हा सगळ्यात आधी हेच आठवलं आणि कानशिलं तापली.

श्वास मला खरोखरच कामाला आला होता, हे मात्र सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं सगळं नुसतं ढोंग वाटेल आणि ते ढोंग नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑडिटला आलेल्या पाहुण्यांसमोर मी एक पार्ट मोजायला घेतला आणि हात असा थरथरायला लागला की मापायचा व्हर्नियर पार्टवर टेकेना. छातीत धडधड, जिभेला कोरड, शर्ट घामानं ओला. मला वाटलं, गेलो आपण. दवाखान्यात ईसीजी काढला तो अगदी साफ निघाला. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही झालेलं नाही, तुम्ही धसका घेताय. आता धसका कुठल्या दुकानात परत द्यायचा, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा मी पिंपरीत संत तुकाराम नगरला भाड्यानं राहत होतो. तिथल्या बागेत एक निवृत्त गृहस्थ सकाळी प्राणायाम घ्यायचे. मोठे रूक्ष गृहस्थ. ना कसले चमत्कार, ना कुंडलिनी. "चार आकडे मोजत आत, आठ आकडे मोजत बाहेर. जास्त अक्कल चालवू नका," एवढंच म्हणायचे. महिना-दीड महिन्यात माझा हात थांबला. मला रडूच आलं होतं त्या दिवशी, बागेतल्या बाकावर बसून.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला अक्कल चालवायची भारी हौस. मी वाचायला लागलो. शरीरात मज्जातंतूंचे दोन कारभार चालतात, हे कळलं. एक माणसाला पळायला नाहीतर भांडायला तयार करतो, नाडी वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. दुसरा जेवण पचवतो, झोप आणतो, नाडी खाली आणतो. मेंदूतून निघून मानेतून छातीत आणि तिथून पोटात उतरणारी एक लांब नस आहे, ती या दुसऱ्या कारभाराची मुख्य. आपण श्वास सोडतो तेव्हा ती जोर धरते आणि हृदय जरा सावकाश चालतं. श्वास घेतो तेव्हा तिचा जोर कमी होतो. म्हणून आत चार आणि बाहेर आठ. हृदयाला किंवा जठराला आपण हुकूम सोडू शकत नाही, पण श्वास तेवढा आपल्या हातातला आहे, आणि त्याच्या आडून बाकीच्यांपर्यंत पोचता येतं.

हे तपासायला कसलं यंत्र लागत नाही. मनगटावर बोटं ठेवायची आणि सावकाश श्वास घ्यायचा, सोडायचा. घेताना नाडी जरा घाई करते, सोडताना रेंगाळते. कट्ट्यावर हा माझा हुकमी प्रयोग होता. वेल्डिंगवाला, पेंट शॉपवाला, कुणीही असो, बोटाखाली स्वतःची नाडी रेंगाळताना कळली की त्याचा चेहरा बदलायचा. "आयला, खरंच की राव," असं म्हणायचा आणि माझ्याकडे असा बघायचा की जणू ती नस मीच बसवलीय.

दाजी या सगळ्याची टिंगल करायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आळंदीच्या अलीकडे त्यांचं गाव. आमच्याच कंपनीत डिस्पॅचला फोर्कलिफ्ट चालवायचे. मला कंपनीत चिकटवलं तेही त्यांनीच, मी आयटीआय होऊन घरी बसलो होतो तेव्हा. मालानं भरलेला लाकडी पॅलेट उचलून रॅकच्या कडेला वीतभर जागा ठेवून असा वळवायचे की नवीन पोरं काम सोडून बघत राहायची. फोर्कलिफ्टच्या सीटवर त्यांची स्वतःची उशी होती आणि तिला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना चालत नसे. कॅन्टीनमध्ये मला बघितलं की चारचौघांत म्हणायचे, "आमच्या पाव्हण्यांचं बरं हाय. फुकट श्वास घ्यायचा आन् मास्तर म्हणवून घ्यायचं."

आमच्याकडे वर्षातून एकदा सगळ्यांचं मेडिकल होतं. फोर्कलिफ्ट आणि क्रेनवाल्यांचं जरा कडक असतं. डोळे, कान आणि बीपी. बीपी ठरल्यापेक्षा जास्त निघालं तर माणूस अनफिट. औषधानं आटोक्यात येईपर्यंत गाडीवरून उतरायचं आणि पॅकिंगला जाऊन खोकी चिकटवायची.

एका वर्षी दाजींचं बीपी जास्त निघालं. सिस्टरनं अर्ध्या तासानं परत या म्हणून सांगितलं. ते हेल्मेट हातात घेऊन सरळ माझ्या शॉपमध्ये आले. इतकी वर्षं ओळखतो, पण तो चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. थट्टा कुठच्या कुठं पळाली होती.

"राव, कायतरी कर," ते म्हणाले. "पॅकिंगला बसवत्याल मला. वीस वर्सं गाडी चालवली, आता खोकी चिकटवू व्हय?"

मी त्यांना पार्किंगच्या मागं नेलं. उलट्या पॅलेटवर बसवलं. पाय जमिनीला, पाठ सरळ, डोळे बंद. चार आकडे आत, आठ बाहेर. शेवटी ओठ मिटून भ्रमरासारखा गुंजारव, तोही लांब. त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. आधी नाडी नुसती धावत होती. पाच मिनिटांनी ती वळणावर आली. दहा मिनिटांनी मी त्यांना हळूच उठवलं आणि बोलू नका, भराभर चालू नका असं बजावून पाठवलं. पंधरा मिनिटांनी ते परत आले ते लांबूनच अंगठा दाखवत. फिट.

तो दिवस माझ्या आयुष्यातला मोठ्या अभिमानाचा दिवस होता. खोटं कशाला सांगू. ज्या माणसानं मला नोकरी दिली त्याची गाडी मी वाचवली होती, तीही नुसत्या श्वासावर.

खरं तर त्याच संध्याकाळी मी त्यांना डॉक्टरकडे ओढत न्यायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "मेडिकल रूमच्या भीतीनं वाढतं दाजी. भीती काढून टाकली की उरतं ते खरं बीपी." काही माणसांच्या बाबतीत हे खरंही असतं. अर्धं खरं असलेली गोष्ट फार सोयीची असते, ती सांगताना जीभ अडखळत नाही.

पुढं महिन्याभरात दाजींचं डोकं दुखायला लागलं म्हणून आक्का, माझी बहीण, त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथंही बीपी जास्त निघालं आणि त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली. आक्कानं मला फोन केला. मी कंपनीच्या बसच्या रांगेत उभा होतो.

"गोळी चालू करू का रं?" तिनं विचारलं.

"कंपनीच्या मशीनवर बरोबर आलंय आक्का," मी म्हणालो. "एकदा गोळी सुरू केली की जन्माची मागं लागते. उगीच कशाला?"

हे मी जरा मोठ्यानं म्हणालो, रांगेतल्यांना ऐकू जावं म्हणून. कंपनीच्या मशीनवर बरोबर कसं आलं, ते मात्र सांगितलं नाही. दाजींनीही घरी सांगितलं नव्हतं. घाबरून मेव्हण्याकडे धावत गेलो, हे कुठला नवरा बायकोला सांगतो? आक्काचा माझ्यावर भरवसा. घरात शिकलेला मी एकटाच. तिनं गोळ्यांची पट्टी फडताळात ठेवून दिली.

दाजी रोज श्वास करत होते का? नाही. ते फक्त मेडिकलच्या दिवशी करायचे, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. मी एकदोनदा टोकलंही, पण जोर नाही लावला. दरवर्षी युक्ती चालत होती आणि दरवर्षी माझा भाव वाढत होता. बाकीचे ड्रायव्हरही यायला लागले. तिसऱ्या वर्षी तर मेडिकलच्या सकाळी पार्किंगच्या मागं माझा वर्गच भरायचा. चहा पिऊन येऊ नका, लघवीला जाऊन या, पाय एकमेकांवर टाकू नका. सगळं शिस्तीत. त्यातल्या कुणाचं बीपी खरंच वाढलेलं आहे, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

चौथ्या वर्षी, मेडिकलला अजून चार महिने होते तेव्हा, दाजी पहिल्या शिफ्टला निघताना उजव्या पायात बूट घालत होते. पाय बुटात जाईना. आक्कानं काय झालं विचारलं तर तोंडातून शब्दाऐवजी नुसता लगदा बाहेर आला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा मेंदूचा फोटो काढून झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. जीव वाचेल, असं डॉक्टर म्हणाले.

विम्याला लागतील म्हणून मी कंपनीतून तिन्ही वर्षांचे मेडिकलचे कागद आणले होते. डॉक्टरांनी विचारलं, "बीपीचा त्रास होता का आधी?"

आक्का म्हणाली, "मागं एकदा गोळी लिवून दिली व्हती. पर कंपनीत बरोबर निघालं, मंग न्हाई घेतली."

डॉक्टरांनी माझ्या हातातले कागद घेतले. तीन वर्षं, तीन आकडे, तिन्ही बिनधोक. त्यांनी ते दोनदा पाहिले. "इथं तर काही दिसत नाही," ते म्हणाले. "होतं असं कधी कधी. काही कारणानं एकदम वाढतं."

बोलायला भरपूर वेळ होता. त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं, फोन आला तो घेतला, बोलून ठेवला. मी समोरच्या खुर्चीत बसलेलो. आत्तापर्यंत नसांवर, नाड्यांवर तासन्‌तास बोललेला मी, मूग गिळून बसलो. मला भीती दाजींच्या जिवाची नव्हती, ती वेळ टळली होती. भीती होती ती बाहेरच्या बाकावर बसलेल्या आमच्या नातेवाइकांची. ते मला अजून शहाणा समजत होते.

मग चार महिने मी दर रविवारी त्यांच्या घरी जात राहिलो. फळं न्यायचो, व्यायामाला मदत करायचो, दाजींना व्हरांड्यात धरून चालवायचो. गावात माझं नाव झालं, मेव्हणा असावा तर असा. दाजींना सगळं समजायचं, शब्द तेवढे सापडायचे नाहीत. एका रविवारी त्यांनी मला खुणेनं जवळ बसवलं. डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर ठेवली, डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. मग डोळे उघडून वाकडं हसले. रोज करतो, असं मला दाखवत होते. मी शाबासकी दिली आणि तोंड धुवायचं निमित्त करून मोरीत जाऊन उभा राहिलो. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

त्यानंतर कंपनीत मेडिकलची नोटीस लागली. ड्रायव्हर विचारायला आले, "मास्तर, औंदा वर्ग कवा?" मी म्हणालो, आता नाही घेणार. का, ते सांगितलं नाही. म्हणजे तिथंही मी माझी कातडी वाचवली.

मेडिकलच्या दिवशी माझा नंबर होता म्हणून गेलो. मेडिकल रूमच्या बाहेर बाकावर पाच ड्रायव्हर बसले होते. हेल्मेट मांडीवर, पाय जमिनीला, डोळे बंद. सगळ्यांचा मिळून बारीक गुंजारव चालला होता. टोकाला नव्यानं लागलेला एकजण चुळबुळ करत होता, त्याला शेजारचा समजावत होता, "पाय सरळ ठेव भावा. मास्तरांनी दाजींना ह्येच शिकवलेलं, तीन वर्सं पास झाले ते."

ते वाक्य त्यानं कौतुकानं म्हटलं होतं. दाजींचं काय झालं हे त्यालाही ठाऊक होतं, पण दोन गोष्टींचा संबंध त्यानं जोडला नव्हता. कुणीच जोडला नव्हता. जोडलेला माणूस एकच होता आणि तो गप्प होता. मी रांग मोडून आत गेलो.

कंपनीच्या डॉक्टर म्हणजे तिशीतल्या एक बाई. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, पार्किंगपासून दवाखान्यातल्या कागदांपर्यंत. त्यांनी हातातला बीपीचा पट्टा टेबलावर ठेवला.

"श्वासानं बीपी खाली येतं ते खोटं नाही," त्या म्हणाल्या. "मी स्वतः पेशंटना सांगते, रोज करा, गोळीच्या जोडीनं करा. पण तुम्ही काय केलंत, मी मीटर बघायला यायच्या वेळी तेवढा नळ बारीक केलात. मी गेल्यावर पाइपात दाब होताच ना? दिवसभर होता, रात्री होता."

"मला वाटलं, भीतीनं वाढतं," मी म्हणालो.

"वाटलं, तर विचारायचं. आम्ही कशाला बसलोय इथं?"

त्यांनी त्या दिवशी एकाही ड्रायव्हरला फिट लिहिलं नाही. पुढच्या दोन आठवड्यांत न सांगता प्रत्येकाला तीनतीनदा बोलावून मोजलं. दोघांचं चांगलंच वाढलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या आणि दोघं काही दिवसांसाठी पॅकिंगला गेले. त्यातला एकजण कॅन्टीनमध्ये माझ्या टेबलावरून ताट उचलून दुसरीकडे जाऊन बसला. मला मास्तर म्हणायचं सगळ्यांनी सोडलं. त्याचं काही वाटलं नाही म्हणेन तर ते खोटं होईल. वाटलं, चांगलंच वाटलं.

पण ते सगळं नंतर. मेडिकलच्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी बसनं घरी न जाता आक्काकडे गेलो. चार-साडेचारची वेळ. दाजी व्हरांड्यात खुर्चीवर, आक्का पायरीवर मेथी निवडत बसलेली. मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, चहा नको, आधी ऐक. रस्ताभर मनात जुळवलेलं सगळं विसरलो आणि जसं आलं तसं सांगितलं. दाजींचं बीपी तीन वर्षं वाढलेलंच होतं. मी ते दहा मिनिटांपुरतं खाली आणत होतो. गोळी नको म्हणालो ते त्याच खोट्या आकड्याच्या जिवावर. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं नाही.

आता ती शिव्या देईल, उठून आत जाईल, मेथीची जुडी तोंडावर मारेल, असं सगळं मी धरून चाललो होतो. तिनं हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे बीपी आधीपासनं व्हतं?"

"होय."

"तीन वर्सं?"

"होय आक्का."

"मंग त्या दिशीच्या भांडणानं न्हाई झालं?"

मला कळेना, कसलं भांडण. तेव्हा तिनं सांगितलं. त्या सकाळी दाजींनी तिला न विचारता रविवारी आठ-दहा माणसं जेवायला बोलावल्याचं सांगितलं. तिची कंबर धरली होती. ती चिडली आणि बोलून गेली, "तुमचं त्वांड एकदाचं बंद व्हईल तर मी सुटंन." त्यानंतर पाच मिनिटांत बूट पायात जाईना आणि तोंडातून शब्द येईना. डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं, काही कारणानं एकदम वाढतं. ते कारण तिनं स्वतःला लावून घेतलं होतं. चार महिने ती त्यांना भरवत होती, पुसत होती, एकेक अक्षर म्हणायला शिकवत होती, आणि हे कुणाला सांगू शकत नव्हती. मी दर रविवारी फळं घेऊन तिच्या समोर बसत होतो.

"नाही आक्का," मी म्हणालो. "तुझ्या बोलण्यानं काही झालेलं नाही."

ती उठली. मांडीवरची मेथी खाली सांडली. दाजींच्या खुर्चीजवळ जाऊन तिनं त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत धरला. "अवो, ऐकलं का?" ती म्हणाली. "माज्यामुळं न्हाई झालं." दाजींनी मान हलवली. नाही, नाही, नाही, अशी कितीतरी वेळ हलवत राहिले. मग ती तिथंच खाली बसून रडली, आणि रडतारडता मला म्हणाली, बरं झालं बाबा तू आलास.

माझा राग यायला तिला दुसरा दिवस उजाडला. त्या संध्याकाळी तिनं मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.